जाणत्यापुढे खरे बोलणे

आपल्याला न येणारी गोष्ट ज्याला येते, त्याच्या दाराशी आपण कोणत्या मनाने जातो, हा प्रश्न वरवर केवळ व्यवहाराचा वाटतो. डॉक्टरकडे, वकिलाकडे, सुताराकडे, गवंड्याकडे आपण सारेच जातो. काम सांगतो, पैसे देतो आणि परततो. या देवघेवीत सत्यासत्याचा आणि न्यायाचा प्रश्न येतो कुठे, असे कोणी विचारील. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत असे. सेमिनरीत नीतिशास्त्राचे पाठ घेतले, पुढे अधूनमधून इतरांना दिलेही. परंतु हा विशिष्ट धडा मला मिळाला तो मसुऱ्यातील एका मांगरात, एका जुन्या मोटारीच्या उघड्या बॉनेटपाशी. त्यात माझ्या हातून जी चूक घडली ती सांगितल्यावाचून पुढचा विचार मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. म्हणून आधी ती हकिगत.

मसुरे गाव मालवण तालुक्यात गडनदीच्या काठाने पसरलेले आहे. नदीच्या या अंगाला भरतगड, पैल अंगाला भगवंतगड. मधे माडांची बने, भाताची शेते आणि जांभ्या दगडांची घरे. या पट्ट्यातील माणसे पोटासाठी मुंबईला गेली, बोटींवर गेली, काही थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत गेली. नैरोबीत उमेदीची वर्षे घालवून परतलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या परिचयाचे होते. परतताना त्यांनी आपली मोटार जहाजातून बरोबर आणली होती. एम.जी.ए. नावाची, दोन माणसांची, उघड्या टपाची ती इंग्रजी स्पोर्ट्‌स कार. इंग्लंडातील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य परदेशीच विकल्या गेल्या. ही त्यांतलीच एक. काही वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर धावून ती शेवटी गावच्या मांगरात गवताच्या पेंढ्यांशेजारी येऊन विसावली.

मुलगा नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतला तेव्हा वडील नव्वदीला टेकले होते. २०१२ च्या मे महिन्यात त्यांचा नव्वदावा वाढदिवस होता. त्या दिवशी गाडी मांगरातून खळ्यात चालवत आणायची, वडिलांना तिच्यात बसवायचे आणि नदीपर्यंत एक फेरी मारायची, असे मुलाने मनाशी धरले होते. वडिलांना आता फारसे दिसत नसे. परंतु त्या गाडीचा आवाज आपण झोपेतही ओळखू, असे ते म्हणत.

गाडी सुरू होत होती, पण धड चालत नव्हती. पायाखाली दाब दिला की घुसमटे, पाय उचलला की बंद पडे, मधूनच सायलेन्सरमधून फटाके वाजत. आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारत’ होती. मुलाने मला विचारले, “फादर, कोल्हापूरसून मिस्त्रीक बोलवया काय?” कोल्हापूरच्या उद्यमनगरात असल्या इंग्रजी गाड्यांचे कार्ब्युरेटर जमवून देणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, असे त्याला कळले होते. मी विज्ञानाची पदवी घेऊन सेमिनरीत गेलेला माणूस. तरुणपणी स्कूटरचे इंजिन स्वतः खोलून पुन्हा बसवलेले. तेवढ्या भांडवलावर मी उत्तर दिले, “कशाला उगाच खर्च? गाडीचे पुस्तक आहे, आपण दोघे आहोत.”

आता कार्ब्युरेटर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगावे लागेल; कारण पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे. इंजिनाला नुसते पेट्रोल चालत नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधण्याचे काम कार्ब्युरेटरचे. त्याचा गळा अरुंद असतो. तेथून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबामुळे बारीक तोटीतून पेट्रोल वर ओढले जाऊन हवेत मिसळते. अरुंद वाटेने जाणाऱ्या प्रवाहाचा हा धर्म ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते इटलीचे जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेन्तुरी (१७४६–१८२२) हे स्वतः कॅथोलिक धर्मगुरू होते आणि तरुणपणी सेमिनरीत तर्कशास्त्र शिकवीत असत, हे वाचकांना ठाऊक नसेल. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी इंग्लंडात स्किनर नावाच्या बंधूंनी या तत्त्वावर एक निराळा कार्ब्युरेटर रचला. त्यांच्या घरचा धंदा पादत्राणांचा. म्हणून की काय, त्यांच्या पहिल्या रचनेत चामड्याचा भाता होता. पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. इंजिन जितकी हवा मागेल तितका हा दट्ट्या वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई तोटीतून तितकीच वर सरकून पेट्रोलला वाट देते. एम.जी.ए. गाडीला असे दोन कार्ब्युरेटर आहेत. पुढचा मुख्यतः पहिल्या दोन सिलिंडरांना पुरवतो, मागचा उरलेल्या दोघांना. दोघांनी सारखा श्वास घ्यावा आणि दोघांचे मिश्रण योग्य असावे, एवढीच अट; पण ती साधणे हीच कला.

प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तळाशी सहा कडांचा एक लहान पितळी नट असतो. तो खाली उतरवला की पेट्रोल वाढते, वर चढवला की कमी होते. आम्ही पुस्तक उघडून बसलो आणि दोन्ही नट सारख्या मापाने उतरवीत गेलो. सहा कडांनी थोडा गुण आला, म्हणून आणखी सहा. मग आणखी सहा. गाडी बंद पडायची थांबली, पण काळा धूर ओकू लागली. मूळचे माप आम्ही कोठेही लिहून ठेवले नव्हते. वाढदिवस आठ दिवसांवर आला, तेव्हा मुलाने मला न विचारता कोल्हापूरला फोन केला. योग्यच केले.

मिस्त्री फोंडा घाट उतरून सकाळच्या गाडीने आले. सत्तरी ओलांडलेले, कृश, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी चहा घेण्याआधी गाडी सुरू करायला सांगितली आणि डोळे मिटून काही वेळ नुसते उभे राहिले. मग स्पार्क प्लग काढून ओळीने फडक्यावर मांडले. पहिले दोन ठीक होते; मागचे दोन काजळीने काळे झालेले. त्यांनी मान वर करून विचारले, “ह्या कार्बेटरच्या नटांना कुणी हात लावलाय का?”

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “गाडी बरीच वर्षे बंदच होती, मिस्त्री.”

या वाक्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. आणि ते वाक्य असत्य होते.

मिस्त्रींनी ते प्रमाण मानले व त्यावरून जो निष्कर्ष निघतो तो काढला. नटाला हात लागलेला नाही आणि मागचे दोनच प्लग काळे आहेत, त्या अर्थी मागच्या कार्ब्युरेटरमध्येच काही बिघाड झाला असला पाहिजे. त्यांनी तो उतरवला. तरंगता डबा तपासला, त्याची झडप तपासली, तोटी झिजली आहे का ते भिंगातून पाहिले, दट्ट्या अडकतो का ते पाहिले. सारे निर्दोष निघाले. दुपार टळली. अखेर त्यांनी मागचा नट कडा मोजत वर चढवून पाहिला, मग तसाच पुढचा. दोन्हींचे माप काटेकोर सारखे भरले. हातातला पाना खाली ठेवून ते म्हणाले, “मशिन झिजतंय ते असं सारखं झिजत नाही, फादर. हिकडं जेवढं तेवढंच तिकडं, हे माणसाचं काम हाय.”

मी मान खाली घातली आणि मग सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी नट पुन्हा बेताच्या मापावर आणले, गाडी सुरू केली आणि पुढच्या कार्ब्युरेटरच्या दांडीपाशी पेट्रोलचे दोन थेंब सोडले. क्षणभर इंजिनाचा आवाज बदलला. दांडी ज्या छिद्रात फिरते ते छिद्र इतक्या वर्षांत झिजून मोठे झाले होते आणि तेथून चोरवाटेने हवा आत शिरत होती. म्हणून पुढच्या दोन सिलिंडरांचे मिश्रण पातळ पडत होते. मागच्यांचे मुळात ठीकच होते. दोघांनाही सारखे पेट्रोल वाढवून आम्ही पुढचा दोष झाकला होता आणि मागे नवा निर्माण केला होता. हा दोष कोणत्याही नटाने जाणारा नव्हता. लेथवर छिद्र मोठे करून त्यात पितळेचे बुश मारणे, एवढाच त्याला इलाज. मिस्त्री म्हणाले, “सकाळीच कळलं असतं तर दुपारच्या गाडीनं नेलं असतं, उद्या बुश मारून परवा आणून दिलं असतं.” आता संध्याकाळ झाली होती आणि पुढचे दोन दिवस लेथचे दुकान बंद होते. वाढदिवसाच्या दिवशी गाडी मांगरातच राहिली. आम्ही खळ्यात जमलो, प्रार्थना झाली, केक कापला गेला. वडिलांनी मुलाला एकदाच विचारले, “गाडी चालू झाली नाय मां?” आणि मग ते गप्प बसले.

हकिगतीचा उरलेला भाग पुढे सांगेन. प्रथम त्या एका वाक्याविषयी.

खऱ्या शब्दांनी खोटे सांगण्याची ही रीत नीतिशास्त्राला जुनी परिचित आहे. एके काळी काही पंडितांनी असे मांडले की, बोलणाऱ्याने वाक्याचा उरलेला अर्धा भाग मनातल्या मनात पूर्ण केला तर ते असत्य ठरत नाही. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी हे मत निषिद्ध ठरवले. सेमिनरीत हा विषय शिकताना आम्हां विद्यार्थ्यांना हसू येई. एवढी उघड पळवाट कोणाला कशी पटली असेल, असे वाटे. ती कशी पटते हे मला मांगरात कळले. ती पटवून घ्यावी लागतच नाही. ती जिभेवर आपोआप येते.

मी तसे का बोललो? त्यात मला काही लाभ नव्हता. मिस्त्री मला पुन्हा भेटण्याचा संभवही थोडा होता. तरीसुद्धा माझे अर्धवट ज्ञान त्या माणसाला दिसू नये, असे मला वाटले. मला त्यांची मदत हवी होती. परंतु मला मदतीची गरज आहे, आणि ती माझ्याच उपद्‌व्यापामुळे वाढली आहे, हे त्यांना कळायला नको होते. थोडा विचार केला तर आपण सारेच असे वागतो. डॉक्टरांनी विचारले की शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेल्या गोळ्या आपण लपवतो. वकिलाने विचारले की भावाला लिहून दिलेल्या चिठ्ठीचा उल्लेख टाळतो. मुलाच्या शिक्षिकेने विचारले की घरात काय चालते ते सांगत नाही. आणि मग डॉक्टरचा गुण आला नाही, वकिलाने खटला घालवला, शिक्षिकेला मूल कळले नाही, अशी तक्रार करतो.

यातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, जाणत्याची जाण जितकी खोल तितके आपले असत्य त्याला अधिक दूर नेते. एखाद्या कच्च्या कारागिराने माझे उत्तर ऐकून न ऐकल्यासारखे केले असते आणि अंदाजाने नट फिरवले असते. मिस्त्रींना प्रत्येक लक्षणाचा अर्थ कळत होता, म्हणूनच एका खोट्या साक्षीवर त्यांनी निर्दोष तर्काचा मजला चढवला आणि तो चुकीच्या जागी उभा राहिला. त्यांच्याच कौशल्याला मी त्यांच्याविरुद्ध वापरले. हात आणि कान त्यांचे होते. परंतु गाडीचा मागचा वृत्तान्त फक्त आमच्याजवळ होता. जाणत्याचे ज्ञान पूर्ण होण्यासाठी अजाणत्याची साक्ष लागते. मदत मागणारा रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्याजवळही एक गोष्ट असते जी जाणत्याकडे नाही. ती द्यायची की नाही, हे त्याच्या सचोटीवर अवलंबून असते.

दुसरा विचार शिकण्याच्या वृत्तीचा. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की, अनुभवी व वयोवृद्ध माणसांच्या मतांना सिद्धता जोडलेली नसली तरी ती सिद्ध विधानांइतकीच मानावीत. कारण अनुभवाने त्यांना दृष्टी आलेली असते. संत थॉमस अक्वायनस यांनी हा धागा उचलून ‘दोचिलितास’, म्हणजे शिकवून घेण्याची तयारी, हा सुज्ञतेचा एक अविभाज्य भाग ठरवला. व्यवहाराच्या गोष्टी अनंत प्रकारच्या असतात. एका माणसाला त्या सर्वांचा विचार थोड्या वेळात करता येणे शक्य नाही. म्हणून दुसऱ्याकडून शिकावेच लागते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. म्हणजे विचारणे हा बुद्धीचा कमीपणा नसून तिचे एक अंग आहे. माझ्याजवळ पुस्तक होते आणि पुस्तकात चूक नव्हती. पण दट्ट्या किंचित उचलला असता इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण योग्य, वाढलेलाच राहिला तर दाट, आणि इंजिन अडखळले तर पातळ, हे वाचणे निराळे, आणि ते ‘क्षणभर’ म्हणजे किती हे कानाला कळणे निराळे. मायकेल पोलान्यी हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९५८ सालच्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात त्यांनी या न सांगता येणाऱ्या ज्ञानाचा सविस्तर विचार केला आहे. जर्मनीत सुरळीत चालणाऱ्या यंत्राचीच जोडी हंगेरीत आणली, तरी वर्षभर तिच्यातून विजेच्या दिव्याचा एकही निर्दोष काचगोळा निघाला नाही, असे उदाहरण ते देतात. यंत्र आले, ते जाणणारे हात आले नाहीत.

येथे एक आक्षेप रास्त आहे. जाणत्याचे सारे मुकाट्याने मानावे काय? जाणते म्हणवणारे फसवीत नाहीत काय? फसवतात, आणि पुष्कळदा. गरज नसलेला भाग बदलायला लावणारा कारागीर आणि गरज नसलेली तपासणी लिहून देणारा तज्ज्ञ आपणा सर्वांना भेटलेला आहे. शिकवून घेण्याची तयारी म्हणजे आंधळा विश्वास नव्हे. विचारण्याचा हक्क त्यात सोडलेला नाही. मग खरा जाणता ओळखावा कसा? मिस्त्रींच्या वागण्यात मला तीन खुणा दिसल्या. ते बोलण्याआधी ऐकत होते. मागच्या कार्ब्युरेटरमध्ये दोष नाही हे दिसताच, तो खोलण्यात अर्धा दिवस गेला असूनही, ‘माझं चुकलं, हितं काय न्हाई’ असे ते सहज म्हणाले. नवा भाग घालून आपली चूक झाकण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. आणि जे दाखवता येण्याजोगे होते ते त्यांनी दाखवले: काळे प्लग, झिजलेले छिद्र, पेट्रोलच्या थेंबाने बदललेला आवाज. जे दाखवता येत नाही तेवढ्यापुरताच त्यांनी विश्वास मागितला. मला वाटते, जाणत्याचे कर्तव्य याहून वेगळे नाही. जेवढे उघड करता येईल तेवढे उघड करावे, उरलेल्यापुरता विश्वास मागावा आणि आपल्या चुकीवर दुसरी चूक रचू नये. हे शेवटचे मात्र दोन्ही बाजूंना लागू आहे. हवेची गळती पेट्रोल वाढवून झाकता येते. गाडी काही काळ चालतेही. पण धूर निघतोच.

आता उरलेली हकिगत. दोन आठवड्यांनी मिस्त्री बुश मारलेले कार्ब्युरेटर घेऊन परत आले. त्यांनी लगेच नटाला हात लावला नाही. आधी पॉइंटमधले अंतर पट्टीने मोजले, मग टायमिंग पाहिले, मग टॅपेट. हे सारे बरोबर असल्यावाचून कार्ब्युरेटर जमवणे म्हणजे पाया न घालता रंग देणे, असे ते म्हणाले. मग रबराच्या नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून आत जाणाऱ्या हवेचा सुस्कारा ऐकला आणि दोन्ही सुस्कारे सारखे केले. शेवटी नट. एकेका कडेने. एकंदर अर्धा तास. गाडी मांजरासारखी घुरघुरू लागली. वडिलांना आधार देऊन खळ्यात आणले. नदीपर्यंत जाण्याइतकी ताकद आता त्यांच्यात नव्हती, ते गाडीत बसले, दाराच्या कडेवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “हीच ती.” त्या पावसाळ्यात ते गेले.

मिस्त्रींनी हिशेब सांगितला. लेथचे आणि पितळेचे इतके, गाडीभाडे इतके, जमवण्याचे इतके, आणि पहिल्या दिवशी वाया गेलेल्या अर्ध्या दिवसाचे इतके. मुलाने बुशचे पैसे आनंदाने दिले. जमवण्याचे पैसे ऐकून मात्र तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “अर्ध्या तासाचे एवढे?” आपणा सर्वांचीच ही खोड आहे. पितळ दिसते, त्याचे वजन करता येते; कान दिसत नाही, म्हणून तो फुकट वाटतो. वकिलाने सल्ल्याचे पैसे घ्यावेत काय, या प्रश्नाचा विचार संत थॉमस यांनी केला आहे. घ्यावेत, परंतु माफक, असे त्यांचे उत्तर आहे. आणि माणूस कोण, काम कोणते, श्रम किती आणि देशरिवाज काय, या चार गोष्टी पाहून ते ठरवावेत. ‘श्रम’ या शब्दात मी आज त्या अर्ध्या तासामागची पन्नास वर्षेही धरतो. ज्या दिवशी मिस्त्रींनी अर्ध्या तासात काम केले, त्या दिवशी आपण त्यांच्या तरुणपणी नासलेल्या कामांचे, खाल्लेल्या बोलण्यांचे आणि थंडीत आखडलेल्या बोटांचेही फळ घेतले. काम झटपट झाले म्हणून त्याचे मोल कमी करणे म्हणजे निष्णात माणसाला त्याच्या निष्णातपणाबद्दल दंड करणे होय.

वाया गेलेल्या अर्ध्या दिवसाचे पैसे मी दिले. मुलगा नको म्हणत होता आणि मिस्त्रीही संकोचले. परंतु तो माझा दंड होता. दुसऱ्याचे नुकसान केले असेल तर क्षमा मागणे पुरत नाही, नुकसान भरूनही द्यावे लागते, हे मी व्यासपीठावरून अनेकदा सांगितले आहे. मिस्त्रींचे नुकसान असे भरता आले. नव्वदाव्या वाढदिवसाची ती नदीपर्यंतची फेरी मात्र कोणत्या नाण्यात भरून द्यावी? एवढेसे असत्य, पण त्याचा भार आम्हां तिघांवरून घसरून भलत्याच माणसावर पडला, ज्याने कोणालाच काही विचारले नव्हते. खोट्याचा परिणाम कोणावर होईल हे खोटे बोलणाऱ्याच्या हाती नसते. हानी किती होईल हे आधी मोजून मग खोटे बोलावे, असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे.

शेवटी एक काळजी. मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आपल्यापैकी अनेकांच्या प्रवासाची सोबती होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघे आणि तिचा कार्ब्युरेटर रस्त्याच्या कडेला, एका पान्यावर जमवणारे हात कोपऱ्याकोपऱ्यावर असत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून मुंबईतून निवृत्त झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. हवा स्वच्छ व्हावी म्हणून हे झाले; त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु पोलान्यी यांनी म्हटले आहे की, जी कला एक पिढीभर वापरात राहिली नाही ती कायमची बुडते; कारण ती पुस्तकातून परत काढता येत नाही. ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याने ते कोणाला तरी देण्याची जबाबदारी जशी आहे, तशीच ते घ्यायला कोणीतरी पुढे येण्याचीही आहे. मिस्त्रींना मी विचारले, तुमच्या हाताखाली कोण आहे? ते म्हणाले, “कोण येतंय आता? पोरं कॉम्प्युटर लावून बघत्यात.”

त्या दिवशी गाडीजवळ त्या घरातली चौदा वर्षांची मुलगी उभी होती. सकाळपासून ती पाहत होती. मिस्त्रींनी नळी तिच्या हाती दिली आणि आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही सुस्कारे ऐकायला सांगितले. “काय फरक वाटतोय?” तिने बराच वेळ ऐकले आणि प्रामाणिकपणे म्हणाली, “मला नाही कळत.”

मिस्त्री हसले. म्हणाले, “बरं झालं खरं सांगितलंस. आता परत ऐक.”